ट्रॅव्हल ट्रेलरच्या प्रवेशदाराचे कुलूप, बिजागऱ्या आणि मूठ बदलताना

ट्रॅव्हल ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घराचे, प्रवेशदार दिसायला घराच्या दारासारखे असले, तरी त्याला सोसावे लागते ते फार वेगळे. घराचे दार स्थिर भिंतीत बसलेले असते. ट्रेलरचे दार मात्र खड्ड्यांतून आणि वळणांवरून शेकडो किलोमीटर हादरत जाते, आणि ज्या चौकटीत ते बसवलेले असते ती चौकटही प्रत्येक मुक्कामी जमिनीच्या उतारानुसार किंचित पिळवटते. त्यातच वजन वाचवण्यासाठी कारखान्यात बसवलेले सामान बहुधा हलके असते. त्यामुळे काही हंगामांतच खटका सैल होतो, दार खाली उतरते, दार उघडे धरून ठेवणारी प्लास्टिकची कडी उन्हाने ठिसूळ होऊन तुटते आणि चढताना धरायची मूठ हलू लागते. हे सगळे साध्या हत्यारांनी घरच्या घरी बदलता येते. मात्र कामाचा क्रम चुकवू नये, असे मी आग्रहाने सांगेन: आधी दार सरळ करावे, मग कुलपाला हात लावावा. तिरक्या दारावर बसवलेले महागडे कुलूपही पहिल्या लांब प्रवासात खडखडू लागते.

दाराची तपासणी

ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावावी आणि पाणसळ ठेवून लांबीत व रुंदीत तो समपातळीत आहे की नाही हे पाहावे. कोपऱ्यांतले आधाराचे जॅक जमिनीला टेकतील इतकेच खाली आणावेत. ते ट्रेलर डोलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर ट्रेलर उचलला, तर खालची लोखंडी चौकट वाकते, दाराची चौकट गुण्यातून जाते, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात राहत नाहीत, आणि सकाळी नीट लागणारे दार संध्याकाळी अडकते.

ही गोष्ट मी चूक करून शिकलो. एका उताराच्या जागेवर माझ्या दाराचा खटका चौकटीला घासत होता, म्हणून मी कानस घेऊन चौकटीवरच्या स्ट्राइक प्लेटची, म्हणजे खटका ज्यात अडकतो त्या धातूच्या पट्टीची, खाच जवळजवळ दोन मिलिमीटर मोठी केली. त्या दिवशी दार छान लागले. ट्रेलर सपाट जागी आला तेव्हा मात्र खटका त्या मोठ्या खाचेत मोकळा हलू लागला आणि रस्त्यावर दार सतत वाजत राहिले. शेवटी प्लेटच बदलावी लागली. म्हणून समपातळीची खात्री होईपर्यंत कानस बाहेर काढू नये.

समपातळी साधल्यावर दार बंद करून चारही बाजूंची फट पाहावी. बिजागऱ्यांच्या विरुद्ध बाजूला वरची फट रुंद आणि खालची अरुंद दिसली, तर दार उतरले आहे असे समजावे. मग दार उघडून मोकळी कड दोन्ही हातांनी हलकेच वर उचलावी. बिजागरीपाशी हालचाल जाणवली, तर स्क्रू सैल आहेत किंवा बिजागरीची कांब झिजली आहे. पुढची परीक्षा गॅस्केटची, म्हणजे दाराच्या कडेची फट बंद करणाऱ्या रबरी पट्टीची. कागदाची अरुंद पट्टी दार आणि चौकट यांच्यामध्ये धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. सगळीकडे सारखा विरोध जाणवला पाहिजे. जिथे पट्टी सहज निसटते तिथून धूळ आणि पाणी आत येणार, हे नक्की.

खटका नेमका कुठे घासतो हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी खटक्याच्या टोकाला रंगीत खडू चोळून दार एकदाच लावावे. स्ट्राइक प्लेटवर उमटलेली खूण खाचेच्या वर, खाली की मधोमध आहे, यावरून दुरुस्ती बिजागरीत करायची की प्लेट सरकवायची हे ठरते. खूण खाचेच्या खालच्या काठावर असेल, तर बहुतेक वेळा दोष बिजागऱ्यांचा असतो.

बिजागऱ्या

ट्रेलरच्या दाराच्या बिजागऱ्या बहुधा बाहेरून दिसतात आणि त्यांचे स्क्रू ॲल्युमिनियमच्या पातळ चौकटीत, कधी तिच्या मागच्या लाकडी पट्टीत गेलेले असतात. सैल स्क्रू नुसता आवळून भागत नाही. तो फिरतच राहिला, तर भोकातले आटे गेले आहेत. मागे लाकूड असेल तर भोक स्वच्छ करून त्यात लाकडाची बारीक खुंटी इपॉक्सीने बसवावी, पूर्ण सुकू द्यावी आणि मगच नवे छोटे भोक पाडून स्क्रू लावावा. लाकूड हाताला भुसभुशीत लागले, तर तिथे पाणी मुरले आहे. ते कुठून आले हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण कुजलेल्या लाकडात कोणताही स्क्रू टिकत नाही. केवळ ॲल्युमिनियम असेल, तर एक माप मोठा स्क्रू किंवा रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखा दाबून बसवायचा, आतून आटे असलेला नट) वापरावा.

बिजागऱ्या बदलायच्याच असतील, तर घर्षणाच्या बिजागऱ्यांचा विचार करावा. दार ज्या कोनात सोडावे त्या कोनात त्या ते धरून ठेवतात, त्यामुळे वाऱ्याच्या एका झोताने दार भिंतीवर आपटत नाही आणि हात भरलेले असताना पाठीवरही येत नाही. विकत घेण्याआधी जुन्या बिजागरीची भोके, त्यांच्यातले अंतर आणि पात्याची जाडी मोजावी. भोके जुळणारी बिजागरी मिळाली, तर चौकटीत नवी भोके पाडावी लागत नाहीत, आणि बाहेरच्या भिंतीतले प्रत्येक नवे भोक म्हणजे पाण्यासाठी आणखी एक वाट असते.

सगळ्या बिजागऱ्या एकाच वेळी काढू नयेत. दाराखाली लाकडाचे तुकडे आणि पातळ पट्ट्या घालून त्याचे वजन पेलून धरावे आणि एक बिजागरी काढून तिच्या जागी नवी लावल्यावरच दुसरीकडे वळावे. दाराची फट कुठेही न बदलता काम पूर्ण होते. शेजारी एक माणूस असला तर उत्तम. एकट्याने करायचे असेल, तर लाकडाचे तुकडे घसरणार नाहीत याची आधी खात्री करून घ्यावी.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. मात्र स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले, तर ॲल्युमिनियम झिजते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. स्क्रू लावण्यापूर्वी त्याच्या आट्यांना थोडे सीलंट (फट बुजवणारा लेप) लावले, की ओलावा आत शिरत नाही. शेवटचे आवळणे हाताच्या स्क्रूड्रायव्हरनेच करावे, कारण पातळ ॲल्युमिनियममधले आटे विजेच्या यंत्राच्या एका झटक्यात निघून जातात.

कुलूप

सुधारणेची सर्वांत जास्त गरज बहुधा इथेच असते. ट्रेलरच्या प्रवेशदाराच्या कुलपांच्या किल्ल्यांचे नमुने मर्यादित असतात, म्हणून एकाच प्रकारच्या ट्रेलरांच्या गर्दीत दुसऱ्याची किल्ली आपल्या कुलपाला लागणे अशक्य नसते. सामानाच्या बाहेरच्या कप्प्यांची स्थिती तर याहून वाईट आहे. सीएच ७५१ या क्रमांकाची एकच किल्ली असंख्य ट्रेलरांचे कप्पे उघडते. प्रवेशदाराचे कुलूप बदलताना त्या कप्प्यांची कुलपेही बदलण्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. काम एकाच पद्धतीचे आणि लहान आहे.

नवे कुलूप घेण्यापूर्वी तीन मापे घ्यावीत. पहिले म्हणजे दारात कापलेल्या चौकोनाचे. अनेक ट्रेलरांत ते सुमारे ७० मिलिमीटर रुंद आणि ९५ मिलिमीटर उंच, म्हणजे पावणेतीन इंच बाय पावणेचार इंच असते. तरी जुने कुलूप काढून प्रत्यक्ष मोजल्याखेरीज मागवू नये. दुसरे म्हणजे दाराची जाडी. ती घराच्या दारापेक्षा कमी असते, म्हणून घराचे डेडबोल्ट (किल्लीने बाहेर सरकणारा कुलपाचा भक्कम दांडा) इथे सहसा बसत नाही. तिसरे माप बहुतेक जण विसरतात: आतल्या बाजूला कुलूप आणि जाळीचे दार यांच्यात किती जागा आहे. अंकांच्या कळपट्टीच्या कुलपाचा आतला भाग बॅटऱ्यांमुळे जाड असतो, आणि तो जाळीच्या दाराच्या खटक्याला किंवा सरकत्या झाकणाला आपटला, तर दोन्ही दारे एकत्र लागत नाहीत. पुठ्ठ्याचा तुकडा नव्या कुलपाच्या जाडीइतका दुमडून जुन्या कुलपावर चिकटवावा आणि जाळीचे दार लावून पाहावे. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे. शिवाय दार डावे की उजवे, म्हणजे बाहेरून पाहताना बिजागऱ्या कोणत्या बाजूला आहेत, हेही नोंदवून ठेवावे. काही कुलपे दोन्ही प्रकारच्या दारांना फिरवून बसवता येतात, काही येत नाहीत.

किल्लीचे कुलूप घ्यावे की कळपट्टीचे, याबद्दल माझा कल कळपट्टीकडे आहे, पण किल्लीची सोयही असलेल्याच कुलपाकडे. पोहायला, डोंगर चढायला किंवा मुलांना घेऊन फिरायला जाताना किल्ली सांभाळावी लागत नाही, हा मोठा दिलासा आहे. मात्र बॅटऱ्या संपतात आणि विजेचे भाग बिघडतात, म्हणून धातूची एक किल्ली ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत कायम ठेवावी. ती ट्रेलरच्या आत ठेवून काहीच उपयोग नाही. अशा अनेक कुलपांना एए आकाराच्या चार बॅटऱ्या लागतात. कडाक्याच्या थंडीत अल्कलाइन बॅटऱ्यांचा जोर कमी होतो, तिथे न चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटऱ्या अधिक चांगल्या चालतात. मात्र कुलपाचा निर्माता त्यांना परवानगी देतो का, हे आधी वाचावे. ट्रेलर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, कारण पाझरलेल्या बॅटरीचा क्षार आतली धातूची टोके खाऊन टाकतो. बॅटऱ्या काढण्यापूर्वी किल्लीने दार उघडते हे मात्र तपासून घ्यावे.

जुने कुलूप काढताना दार उघडे ठेवून ते घट्ट अडकवून ठेवावे आणि आतल्या बाजूने काम सुरू करावे. साधारणपणे आतल्या पट्टीवरचे काही स्क्रू दाराच्या दोन्ही बाजूंचे अर्धे भाग एकमेकांना आवळून धरतात, आणि दाराच्या कडेवर खटक्याच्या वर-खाली आणखी स्क्रू असू शकतात. शेवटचा स्क्रू काढताना दुसऱ्या हाताने बाहेरचा भाग धरून ठेवावा, नाहीतर तो खाली पडतो आणि त्याची कड दाराच्या रंगाला ओरखडा देते. सगळे सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडावेत आणि छायाचित्र काढून ठेवावे.

आता उघड्या चौकोनात टॉर्चचा उजेड टाकून नीट पाहावे. दाराच्या बाहेरच्या आणि आतल्या पत्र्यांमध्ये फोम किंवा लाकूड दिसेल. फोम ओला असेल, पत्रा फुगलेला असेल किंवा काळसर डाग असतील, तर कुलपाच्या कडेने पाणी शिरत होते. तो भाग पूर्ण सुकू द्यावा. जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत आणि उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. कोणतेही द्रावण आधी न दिसणाऱ्या जागी लावून रंग उतरत नाही ना, हे पाहावे.

नवे कुलूप चौकोनात नुसते ठेवून पाहावे. किंचित अडत असेल तर चौकोनाची कड कानसेने थोडी थोडी घासावी, चौकोन मोठा कापू नये. बाहेरच्या पट्टीमागे कुलपासोबत आलेले गॅस्केट असतेच. ते पातळ वाटले, तर वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला ब्युटाइल टेपची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मऊ, चिकट रबरी टेपची, बारीक पट्टी लावावी आणि खालची कड मोकळी ठेवावी. अशाने आत चुकून गेलेले पाणी खालून निघून जाते. सिलिकॉन इथे मी वापरत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट चिकटत नाही, आणि पुढे कुलूप काढायची वेळ आली की ते खरवडून काढणे फार त्रासाचे होते. ब्युटाइल वर्षानुवर्षे मऊ राहते.

दोन्ही अर्धे भाग जोडताना स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले थोडे थोडे आवळावेत. मूठ किंवा खटका जड चालू लागला, तर स्क्रू जास्त आवळले गेले आहेत आणि पातळ दार दाबले गेले आहे. अर्धा फेरा सैल करावा. धातूच्या आट्यांत बसणाऱ्या स्क्रूंना मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर (हादऱ्यांनी स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावता येतो, मात्र तो प्लास्टिकला लागू देऊ नये, कारण काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

यानंतरची गोष्ट कधीही चुकवू नये: पहिली सगळी चाचणी दार उघडे ठेवूनच करावी. किल्ली फिरवून डेडबोल्ट बाहेर आणावे, परत आत घ्यावे, आतल्या कळीने तेच करावे, बाहेरची मूठ ओढावी, कळपट्टीवर आकडे दाबावेत. कारखान्याचा मूळ आकडा लगेच बदलावा. हे सगळे दहा वेळा निर्विघ्न झाल्यावरच दार लावावे. दार लावून चाचणी करणारा माणूस एखादा दांडा उलटा बसलेला असला, तर आत किंवा बाहेर अडकतो. आतून दार किल्लीशिवाय आणि अंधारातही एका हालचालीत उघडले पाहिजे. आगीच्या वेळी याला पर्याय नसतो. कुटुंबातल्या प्रत्येकाने, लहान मुलांनीही, ते एकदा स्वतःच्या हाताने उघडून पाहावे.

चौकटीवरची स्ट्राइक प्लेट शेवटी जुळवावी. पुन्हा खडूची खूण घ्यावी. दार लागल्यावर आत-बाहेर हलत असेल, तर प्लेट आतल्या बाजूला किंचित सरकवावी. मूठ जोराने ओढल्याशिवाय लागत नसेल, तर बाहेरच्या बाजूला. खटका प्लेटपर्यंत पुरेसा पोहोचत नसेल, तर प्लेटमागे पातळ धातूची पट्टी घालून ती पुढे आणावी. दार बोटांच्या हलक्या दाबाने लागावे आणि लागल्यावर गॅस्केट किंचित दबलेले राहावे, ही योग्य स्थिती. डेडबोल्टची खाच इतकी खोल हवी, की बोल्ट पूर्ण बाहेर येऊ शकेल. अर्धवट बाहेर आलेले डेडबोल्ट हादऱ्यांनी मागे सरकू शकते. कुलपात तेल घालू नये, त्यावर धूळ चिकटून चिखल होतो. कोरडे पीटीएफई (टेफ्लॉनचे वंगण) किंवा ग्रॅफाइट वापरावे, पण दोन्ही एकत्र मिसळू नयेत.

धरायची मूठ आणि दार अडकवण्याची कडी

चढताना धरायच्या मुठीवर माणसाचे वजन बाहेरच्या दिशेने ओढ देते, म्हणून तिचे स्क्रू पत्र्यात नव्हे तर मागच्या भक्कम आधारात गेले पाहिजेत. जुनी मूठ काढल्यावर भोकात बारीक तार घालून लाकूड किंवा धातू लागतो का हे पाहावे. पत्र्यामागे फक्त फोम असेल, तर तिथे मोठी मूठ लावण्याचा मोह टाळावा आणि आधाराची जागा शोधावी. भिंतीवर बोटाने टकटक केल्यास पोकळ आणि भरीव आवाजातला फरक स्पष्ट कळतो. ट्रेलर चालू असताना दुमडून दारावर आडवी बसणारी लांब मूठ वृद्धांना फार उपयोगी पडते, पण दुमडल्यावर ती कुलपाच्या किंवा कळपट्टीच्या आड येत नाही हे आधी कागदावर आखून पाहावे. मुठीच्या प्रत्येक तळव्यामागे ब्युटाइल टेप लावावी आणि आवळल्यावर कडेने बाहेर आलेली टेप दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पट्टीने कापावी.

दार उघडे अडकवणारी कडी बिजागरीपासून जितकी दूर, तितका तिच्यावर वाऱ्याचा ताण कमी. प्लास्टिकच्या जागी धातूची किंवा चुंबकाची कडी लावावी. तिची जागा ठरवताना दार पूर्ण उघडून, बाहेरचा दिवा, खिडकी आणि दाराची मूठ एकमेकांना लागत नाहीत हे पाहूनच खूण करावी.

रस्त्यावर निघण्यापूर्वी

पाणी अडते की नाही हे पाहण्यासाठी आत एकाने टॉर्च घेऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने पाइपने दारावर वरून खाली, पावसासारखे पाणी सोडावे. जोराचा फवारा थेट कुलपात मारू नये. दहा मिनिटांनी कुलपाच्या आतल्या पट्टीखाली बोट फिरवावे आणि खालच्या उंबऱ्यावर कोरडा कागद ठेवून पाहावा.

निघताना खटका आणि डेडबोल्ट दोन्ही लावावेत, कारण एकटा खटका हादऱ्यांनी सुटू शकतो, आणि वेगात उघडलेले दार बिजागऱ्या उपटून टाकते. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सुरक्षित जागी थांबून बिजागऱ्या, मूठ आणि स्ट्राइक प्लेट यांचे प्रत्येक स्क्रू हाताने तपासावेत. नवे सामान पहिल्याच प्रवासात किंचित बसते, आणि त्या वेळी पाव फेरा आवळला की पुढे बराच काळ पाहावे लागत नाही. जुने कुलूप फेकून न देता त्याच्या स्क्रू आणि किल्ल्यांसह एका पिशवीत बांधून ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत ठेवावे. लांबच्या मुक्कामी नवे कुलूप बिघडले, तर त्याच चौकोनात ते अर्ध्या तासात परत बसते.